रूपसादृश्याचा चकवा : इंग्रजी बोलीतील काही समरूप शब्द व त्यांची भारतीय मुळे

१

चिखली या नावाची गावे अनेक आहेत. बुलढाणा जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण असलेली चिखली, पिंपरी-चिंचवड शहरात सामावली गेलेली चिखली, कोल्हापूरजवळची प्रयाग चिखली, आणि गुजरातेत नवसारी जिल्ह्यातली चिखली. नाव एकच असल्यामुळे एका गावातून उठून गेलेल्या लोकांनी दुसरे वसविले असावे, असा तर्क कोणी केल्यास तो वरकरणी सयुक्तिक वाटेल. पण 'चिखल' हा शब्द प्राकृतातील 'चिक्खल्ल'पर्यंत मागे जातो, आणि काळ्या जमिनीच्या या देशात चिखल कोठेही होतो. त्या त्या ठिकाणच्या लोकांनी आपापल्या गावास ते नाव स्वतंत्रपणे दिले असणे अगदी शक्य आहे. नामसादृश्य हे संबंधाचे प्रमाण नव्हे. गावांच्या नावांना लागू पडणारा हा नियम भाषेतील शब्दांनाही लागू पडतो. किंबहुना तेथे तो अधिक कसोशीने पाळावा लागतो.

याचे एक उदाहरण वऱ्हाडच्या कापसाच्या मुलखातच सापडते. कापसातील सरकी वेगळी काढण्याच्या कारखान्यास येथे 'जीन' म्हणतात. हा शब्द इंग्रजी असून तो 'एंजिन' या शब्दाचे तोडके रूप आहे. एली व्हिटने याने १७९४ साली ज्या यंत्राचे पेटंट घेतले, त्या यंत्राबरोबर तो जगभर पसरला. इंग्रजीतच 'जिन' नावाचे एक मद्य आहे. तो शब्द मात्र जुनिपर या झाडाच्या डच नावावरून आलेल्या 'जिनीव्हा' शब्दाचा संक्षेप होय. अठराव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या गरीब वस्तीत तो बोलीतला शब्द म्हणून रूढ झाला, आणि १७३६ च्या कायद्यात त्या मद्याचे नियंत्रण करण्याची पाळी पार्लमेंटवर आली. घोड्याच्या पाठीवरील 'जीन' फारशी आहे. अंगात घालावयाची 'जीन' ही जिनोआ या इटालियन शहराच्या नावावरून पडलेल्या कापडाच्या नावाची वंशज आहे. म्हणजे चिखलीच्या बाजारात एका दिवसात कानावर पडू शकणाऱ्या एकाच ध्वनीमागे यंत्र, मद्य, खोगीर आणि शहर अशा चार निरनिराळ्या कुळकथा आहेत. त्यांपैकी कोणत्याही दोहोंचा एकमेकींशी संबंध नाही.

प्रस्तुत निबंधात इंग्रजीच्या अनौपचारिक बोलीत, विशेषतः सैनिकांच्या आणि रस्त्यावरच्या बोलीत, रूढ झालेल्या काही समरूप शब्दांचा विचार करावयाचा आहे. या शब्दांची निवड दोन कारणांसाठी केली आहे. एक तर त्यांतील कित्येकांची मुळे आपल्या देशात आहेत. दुसरे असे की, अशा शब्दांच्या बाबतीत आपल्याकडील अभ्यासकास दोन्ही बाजूंनी चकवा बसतो. इंग्रज वाचकास भारतीय शब्द इंग्रजी वाटतो, तर भारतीय वाचकास इंग्रजी शब्द भारतीय वाटू लागतो. पहिल्या चुकीच्या मुळाशी अज्ञान असते. दुसरीच्या मुळाशी बहुधा अभिमान असतो. संशोधनाच्या दृष्टीने दोन्ही सारख्याच घातक आहेत.

२

या विषयाचा पाया कर्नल हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांच्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशाने घातला. तो १८८६ साली प्रसिद्ध झाला, आणि विल्यम क्रुक याने सिद्ध केलेली त्याची दुसरी आवृत्ती १९०३ साली निघाली. कोशाचे नावच आपल्या विषयाचा नमुना आहे. मोहरमच्या मिरवणुकीतील 'या हसन! या हुसेन!' हा शोकाचा घोष गोऱ्या शिपायांच्या कानांनी 'हॉब्सन-जॉब्सन' असा ऐकला. हॉब्सन व जॉब्सन ही दोन्ही खास इंग्रजी आडनावे होत. परका ध्वनी कानावर पडला की मन त्यास ओळखीच्या शब्दाचा साचा देते. हीच लोकव्युत्पत्तीची क्रिया होय.

विसाव्या शतकात सैनिकी बोलीचे स्वतंत्र कोश झाले. फ्रेझर आणि गिबन्स यांचा सैनिक व खलाशी यांच्या शब्दांचा कोश १९२५ साली, आणि एरिक पार्ट्रिज याचा अशिष्ट व रूढिबाह्य इंग्रजीचा कोश १९३७ साली प्रसिद्ध झाला. भारतीय बाजूने पाहता मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७), माधवराव पटवर्धनांचा फार्शी-मराठी कोश (१९२५), कृ. पां. कुलकर्णी यांचा मराठी व्युत्पत्तिकोश (१९४६) आणि राल्फ टर्नर याचा भारतीय-आर्य भाषांचा तौलनिक कोश (१९६६) ही साधने हाताशी असल्यावाचून या क्षेत्रात पाऊल टाकू नये.

शब्दाचा संबंध सिद्ध करावयाचा तर चार गोष्टी पाहाव्या लागतात : तो शब्द लेखनात प्रथम केव्हा आढळतो, तो कोणत्या मार्गाने, कोणाच्या तोंडून आला, त्यातील ध्वनींचा बदल नियमास धरून आहे काय, आणि अर्थात पडलेले अंतर सांगता येते काय. पुढील उदाहरणे याच कसोट्यांवर घासून पाहिली आहेत.

३

चिखलीस रेल्वे नाही. घाट उतरून मलकापुरास गेले म्हणजे पूर्वीच्या ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीचा मुख्य मार्ग लागतो. हा मार्ग १८६७ साली नागपुरास जाऊन पोहोचला. त्याने मुंबईकडे निघालेला प्रवासी भुसावळ, मनमाड, नाशिक ओलांडून देवळालीस येतो. या लहानशा स्टेशनाच्या नावाने इंग्रजी बोलीस एक शब्द दिला आहे. एखाद्याचे डोके ठिकाणावर नाही असे सुचवावयाचे असता इंग्लंडातील माणूस आजही त्यास 'डूलाली' म्हणतो.

देवळालीची छावणी १८६१ च्या सुमाराची. परदेशी नोकरीची मुदत संपलेल्या गोऱ्या शिपायांस मायदेशी नेणाऱ्या जहाजांची वाट पाहत येथे ठेवीत असत. सैन्याची ने-आण करणारी जहाजे हिवाळ्याच्या महिन्यांतच येत. ज्याची मुदत हंगाम संपता संपता भरली, त्यास पुढील हंगामापर्यंत महिनोगणती तेथेच थांबावे लागे. विसाव्या शतकाच्या आरंभी भारतात नोकरी केलेला फ्रँक रिचर्ड्स नावाचा एक साधा शिपाई १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींत याचे वर्णन करतो. या लोकांजवळ शस्त्रे नसत, कवायत नावापुरती असे, आणि वेळ जाता जात नसे. ज्यांची वर्तणूक वर्षानुवर्षे निष्कलंक होती, असे शिपाई तेथे गुन्हे करून बसत व घरी जाण्याऐवजी तुरुंगात जात. काहीजण रोगांना बळी पडत. विचित्र वागणाऱ्या माणसास 'डूलाली टॅप' झाला असे म्हणण्याचा प्रघात त्या छावणीतील कंटाळ्यातून पडला असावा, असे रिचर्ड्सचे मत आहे. ते त्याने मत म्हणूनच मांडले आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. शब्द मात्र त्याच्या पुस्तकाच्या अकरा वर्षे आधी फ्रेझर-गिबन्सच्या कोशात नोंदला गेला होता.

आता या शब्दप्रयोगातील 'टॅप'कडे पाहू. इंग्रजीत 'टॅप' म्हणजे हलकीशी टिचकी किंवा थाप. वेडेपणा दाखविण्यासाठी कपाळाच्या बाजूस बोटाने टिचकी मारण्याची खूण सर्वपरिचित आहे. तेव्हा 'डूलाली टॅप' म्हणजे देवळालीने डोक्यावर मारलेली टिचकी, असा अर्थ इंग्रज ऐकणाऱ्यास अगदी सहज सुचतो. वास्तविक तो आपला 'ताप' आहे. अधिक काटेकोरपणे सांगावयाचे तर हिंदुस्थानीतील ऱ्हस्व स्वराचा 'तप', म्हणजे ज्वर. फारशी 'तप' आणि संस्कृत 'ताप' ही एकाच प्राचीन धातूची अपत्ये होत. इंग्रजी रूपातील ऱ्हस्व स्वर मराठी 'ताप'पेक्षा हिंदुस्थानी 'तप'शी अधिक जुळतो. म्हणून हा शब्द महाराष्ट्राच्या भूमीवर घडला असला, तरी त्यातील मराठी भाग गावाच्या नावापुरताच मानावा लागतो. 'देवळाली जिंकली' म्हणून आपण फुशारकी मारू नये.

पुढे 'टॅप' हा भाग गळून पडला आणि केवळ 'डूलाली' उरले. १९७४ पासून बी.बी.सी.ने देवळालीच्या छावणीची पार्श्वभूमी घेऊन एक विनोदी मालिका दाखविली, तेव्हा प्रेक्षक त्या नावावर हसले. शब्द हसरा झाला. पण त्याच्या तळाशी घराच्या वाटेवर असताना ज्यांचे मन खचले त्या माणसांचे दुःख आहे, आणि ते दुःख व्युत्पत्तीखेरीज अन्य कोणी सांगणार नाही.

डोलीचीही गोष्ट येथेच सांगावी. जखमी शिपायांस वाहून नेणारी 'डोली' इंग्रजीत 'डूली' झाली. एका लढाईत पुष्कळ जखमी डोल्यांनी वाहून नेले, हे वृत्त ऐकून विलायतेतील कोणा वक्त्याने 'डूली' ही क्रूर रानटी जात असून तिने आमचे जखमी पळवून नेले, असा संताप व्यक्त केला, अशी आख्यायिका अँग्लो-इंडियन मंडळींत प्रसिद्ध होती. 'डूली' आणि 'डूलाली' यांचा परस्परांशी काही संबंध नाही. मात्र अपरिचित शब्दाच्या जागी आपल्या समजुती भरल्या म्हणजे पालखीचेही राक्षस होतात, हा बोध या आख्यायिकेतून घेण्यासारखा आहे.

४

याच वर्गातील आणखी काही जोड्या थोडक्यात पाहू.

'ब्लायटर' आणि 'ब्लायटी'. पहिला शब्द एखाद्या तिरस्करणीय वा दयनीय इसमास लावतात. तो 'ब्लाइट', म्हणजे पिकावर पडणारा रोग, या शब्दापासून एकोणिसाव्या शतकात झाला. 'ब्लायटी' म्हणजे मात्र मायदेश, इंग्लंड. पहिल्या महायुद्धात खंदकांतील शिपाई ज्या जखमेमुळे जीव न जाता घरी जाण्याची परवानगी मिळेल तिला 'ब्लायटी' म्हणत. हा शब्द 'विलायती', 'बिलायती' यांचे रूप होय. मूळ अरबी 'विलायत' म्हणजे सुभा किंवा राज्य. भारतात त्याचा अर्थ परदेश आणि पुढे विशेषेकरून इंग्लंड असा संकोचला. मराठीत 'विलायती' म्हणजे परका. गोऱ्या शिपायाने तोच शब्द उचलला आणि त्यास 'आपले घर' असा अर्थ दिला. एकाच शब्दाचा अर्थ बोलणारा कोठे उभा आहे त्यावरून उलटतो, याचे याहून स्वच्छ उदाहरण मिळणे कठीण. ज्या शब्दाने तो परका ठरत होता, त्याच शब्दाने तो आपल्या घराची आठवण काढू लागला.

'चिट' आणि 'चिट'. इंग्रजीत पोरसवदा, उद्धट मुलीस 'चिट' म्हणण्याची जुनी रीत आहे. त्या शब्दाचा मूळ अर्थ प्राण्याचे पिलू. कचेरीतील परवानगीचा कागद हा दुसरा 'चिट'. तो आपल्या 'चिठ्ठी'चे, हिंदुस्थानी 'चिट्ठी'चे, तोडलेले रूप आहे आणि कंपनीच्या अंमलात इंग्रजीत गेला. लेखनात दोन्ही अक्षरशः एकच. उगम सर्वस्वी भिन्न.

'लूट' आणि 'लूट'. सैनिकी बोलीत 'लेफ्टनंट' या हुद्द्याचा संक्षेप 'लूट' असा करीत. तो शब्द फ्रेंच असून दुसऱ्याच्या जागी काम पाहणारा असा त्याचा अर्थ. संपत्ती या अर्थी बोलीत चालणारा 'लूट' हा मात्र थेट आपला. हॉब्सन-जॉब्सनकारांच्या मते अँग्लो-इंडियन बोलीत जुना असलेला हा शब्द १८४१ चे चीनचे युद्ध, १८५४-५५ चे क्रिमियाचे युद्ध आणि १८५७-५८ चा उठाव यांच्या काळात खुद्द इंग्लंडात रुजला. लुटीसाठी जुने शब्द इंग्रजीत नव्हते असे नाही. तरीही हा शब्द घ्यावासा वाटला. ज्या कृतीचा सराव परदेशात झाला, तिचे नावही परदेशातूनच आणले गेले.

'मगर' आणि 'मगर'. संस्कृत 'मकर'पासून झालेला 'मगर' इंग्रजीत गेला तेव्हा त्याचे लेखन वाटमाऱ्या या अर्थाच्या इंग्रजी शब्दासारखेच होऊन बसले. किपलिंगच्या १८९५ च्या दुसऱ्या 'जंगल बुका'त घाटावर दबा धरून बसणारी एक वृद्ध मगर आहे. आजच्या वाचकास तिच्या नावात वाटमाऱ्या दिसला तर नवल नाही, पण तो दोन शब्दांच्या गाठीभेटीचा परिणाम आहे, नात्याचा नव्हे.

५

सैनिकी बोलीतील क्रियापदे हा या विषयाचा सर्वांत बोलका भाग आहे. 'एक डेको घे', म्हणजे एक नजर टाक, असा प्रयोग इंग्रजीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आढळतो. हा 'डेको' म्हणजे 'देखो' होय. त्याचप्रमाणे हॉब्सन-जॉब्सनमध्ये 'पकरो', 'बनाओ', 'लगाओ', 'धमकाओ', 'फुसलाओ' यांची इंग्रजीत क्रियापदे म्हणून रूढ झालेली रूपे नोंदली आहेत. त्यांतील 'धमकाओ'चे लेखन इंग्रजीत मुका आणि गाय या अर्थांच्या दोन शब्दांची जोड दिसेल असे झाले. योगायोग असा की, त्यांपैकी दुसऱ्या शब्दाचे रूप इंग्रजीत दरडावणे या अर्थाच्या क्रियापदासारखेही आहे. अर्थही जुळतो, रूपही जुळते, आणि तरीही संबंध नाही. अर्थ व रूप दोन्ही जुळल्यावर आणखी पुरावा कशाला, असे म्हणणाऱ्यांनी या एका शब्दाचा विचार करावा.

या सर्व शब्दांत एक गोष्ट समान आहे : ही सारी आज्ञार्थी रूपे आहेत. परकी भाषा शिकणारा माणूस सामान्यतः क्रियापदाचे मूळ रूप वा वर्तमानकाळ शिकतो. साहेबाने मात्र हुकूम देण्यासाठी लागणारे रूप तेवढे उचलले आणि त्यासच क्रियापद मानले. त्याचा या देशातील माणसांशी संवाद कोणत्या पातळीवर चालत होता, याची साक्ष व्याकरणाने देऊन ठेवली आहे. दप्तरखान्यातील कागद दुरुस्त करता येतात, प्रत्ययाची साक्ष फिरविता येत नाही.

याच प्रत्ययाने आणखी एक प्रश्न सुटतो. ही रूपे 'ओ'कारान्त आहेत. मराठीत 'पकडा', 'बनवा', 'लावा' असे 'आ'कारान्त आज्ञार्थ होतात. पाहण्याच्या क्रियेस तर मराठी माणूस 'पाहा' किंवा 'बघा' म्हणतो. मुंबई, पुणे, अहमदनगर, देवळाली, जालना अशा मराठी मुलखातील छावण्यांत अर्धे आयुष्य घालविलेल्या गोऱ्या शिपायाच्या बोलीत मराठी आज्ञार्थ जवळजवळ नाही. छावणीची भाषा हिंदुस्थानी होती. वेशीबाहेरची मराठी छावणीत शिरली नाही. वऱ्हाडच्या अभ्यासकास हे अपरिचित वाटू नये. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला तो निजामाच्या कंटिंजंट फौजेच्या खर्चापायी, आणि त्या फौजेची ठाणी एलिचपूर, हिंगोली, जालना अशी मराठी प्रदेशातच होती. भाषेचा नकाशा आणि फौजेचा नकाशा एक नव्हते.

६

आतापर्यंतचे शब्द समुद्रमार्गाने, कंपनीच्या व राणीच्या फौजांबरोबर गेले. परंतु इंग्रजी बोलीत भारतीय मुळाचे शब्द पोहोचण्याची दुसरी, कितीतरी जुनी वाट आहे. ती रोमानी, म्हणजे युरोपात ज्यांस जिप्सी म्हणत आले त्या लोकांच्या भाषेची. ही भाषा भारतीय-आर्य कुळातील असल्याचे र्‍यूडिगर (१७८२) आणि ग्रेलमान (१७८३) यांनी दाखवून दिले. टर्नर याने १९२६ साली त्या कुळातील तिचे स्थान निश्चित करण्याचा प्रयत्न केला. तिचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून बाहेर पडले.

मित्र या अर्थाचा इंग्रजी बोलीतील 'पॅल' हा शब्द सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात आढळू लागतो. लेखनात तो आपल्या 'पाल' शब्दासारखा दिसतो. भटक्या जमाती गावाबाहेर पाले टाकून राहतात, जिप्सीही तंबूत राहत. तेव्हा एका पालातला तो 'पॅल', अशी व्युत्पत्ती एखाद्या हुशार विद्यार्थ्यास सुचली तर तिचा मोह पडेल. ती टिकत नाही. 'पॅल' हा रोमानी 'फ्राल'पासून, आणि 'फ्राल' हा संस्कृत 'भ्रातृ'पासून आला आहे. यास ध्वनिनियमाचा आधार आहे. रोमानीत शब्दारंभीचे घोष महाप्राण वर्ण अघोष होतात : 'भूमि'चे 'फुव', 'धूम'चे 'थुव', 'घास'चे 'खास'. त्याच नियमाने 'भ्र'चे 'फ्र' झाले. म्हणजे लंडनचा 'पॅल' आणि चिखलीचा 'भाऊ' हे खरोखरीच भाऊ आहेत, पण त्यांची ओळख चेहऱ्यावरून पटत नाही, नियमावरून पटते. जे सारखे दिसते ते वेगळे, आणि जे वेगळे दिसते ते एक, असा हा प्रकार आहे.

'चॅव' या शब्दाची कथा अधिक उद्बोधक आहे. २००४ च्या सुमारास ब्रिटिश वृत्तपत्रांत हा शब्द गाजू लागला. कामगार वस्तीतील, भडक कपड्यांच्या, उद्धट मानल्या गेलेल्या तरुणांस तो तुच्छतेने लावीत. सरकारी घरांत राहणारे व दंगेखोर अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जुळवून तो झाला, ही व्युत्पत्ती लोकांत पसरली. ती मागाहून रचलेली आहे. शब्द रोमानी 'छावो', म्हणजे मुलगा, यापासून आलेला आहे, आणि 'छावो'चे मूळ संस्कृत 'शाव', प्राकृत 'छाव', म्हणजे पिलू. मराठी 'छावा' याच मुळाचा. आपल्याकडे 'छावा' म्हटले की सिंहाचे पिलू आणि संभाजी महाराज डोळ्यांपुढे येतात; तिकडे त्याच शब्दाने गरिबाच्या पोराची टवाळी होते. शब्द थोर वा हीन नसतो. तो उच्चारणाऱ्या समाजाने ज्याच्यावर डकविला, त्याची प्रतिष्ठा त्यास येते. रोमानी बोलणाऱ्यांस युरोपात जी वागणूक मिळाली, तिची सावली त्यांच्या शब्दावर पडली.

समुद्राची वाट आणि रोमानीची वाट काही ठिकाणी एकमेकींस मिळतात. 'पानी' हा शब्द इंग्रजीत अँग्लो-इंडियन म्हणूनही आला आणि रोमानी म्हणूनही. पाहणे या अर्थी रोमानीत 'दिक' आहे आणि फौजेच्या बोलीत 'डेको'. सर्वांत बिकट गुंता 'कुशी' आणि 'कुश्ती' या दोन शब्दांचा. 'कुशी' म्हणजे बिनकष्टाची, आरामाची नोकरी वा जागा. हा शब्द १९१५ च्या सुमारास सैनिकांच्या पत्रांतून वर आला व त्याचा संबंध 'खुश', 'खुशी' यांच्याशी लावतात. त्यातील मऊपणामुळे गादी या अर्थाच्या 'कुशन'शी त्याचे नाते जोडण्याचा मोह होतो. पण 'कुशन' जुन्या फ्रेंचमधून आलेला आहे. 'कुश्ती' म्हणजे छान, उत्तम. तो इंग्लंडातील रोमानीत एकोणिसाव्या शतकातच नोंदला गेला होता व १९८१ नंतर दूरदर्शनवरील एका लोकप्रिय मालिकेने घरोघर पोहोचविला. दोन्ही शब्द सुखद, दोन्ही सारखे, दोन्ही सामान्य माणसाच्या तोंडचे. त्यामुळे आज एकाच्या जागी दुसरा वापरलेला आढळतो. इतिहासाने मात्र त्यांस वेगळे ठेवले पाहिजे. आपल्या 'कुस्ती'चा तर या दोहोंशी काहीच संबंध नाही, हे सांगावयास नकोच.

७

काही व्युत्पत्त्या इतक्या मोहक असतात की त्यांचा त्याग करताना जिवावर येते. 'पंच' नावाचे पेय पाच द्रव्यांचे म्हणून संस्कृत 'पंच'पासून, असे जॉन फ्रायर याने १६९८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात नमूद केले. शब्दाचा जुना उल्लेख १६३२ सालचा, कंपनीच्या नोकरांच्या पत्रव्यवहारातला आहे. तथापि ते पेय खलाशांत प्रिय होते आणि पिंपास 'पंचन' हा इंग्रजी शब्द होता. शिवाय घटकद्रव्यांची संख्या सर्वत्र पाचच होती असेही नाही. म्हणून येथे 'संभाव्य' एवढेच म्हणणे योग्य. ठोसा या अर्थाचा 'पंच' अर्थातच निराळा आहे.

'मला त्याची डॅम इतकीही पर्वा नाही' या इंग्रजी वाक्प्रचारातील 'डॅम' म्हणजे मोगलाईतील तांब्याचे 'दाम' नाणे, ही कल्पना हॉब्सन-जॉब्सनकारांनी पुढे मांडली. मराठी कानास ती फारच पटते, कारण 'दमडीची किंमत नाही' असे आपण रोज म्हणतो. परंतु शाप देण्याच्या शब्दांनी क्षुल्लकता व्यक्त करण्याची रीत इंग्रजीत स्वतंत्रपणे जुनी आहे, आणि नाण्याच्या अर्थाने तो वाक्प्रचार प्रथम वापरला गेल्याचा आधार मिळत नाही. पुढील अभ्यासकांनी ही व्युत्पत्ती सोडून दिली. दुसरे असे की, 'दाम' तरी मुळात कोठे आपला? तो 'द्रम्म'मार्गे ग्रीक 'द्राख्मा'पासून आला. ज्यास आपण स्वदेशी म्हणून कवटाळावे, तोच यवनांचा पाहुणा निघतो.

८

या विवेचनाचा मराठीच्या अभ्यासास काय उपयोग, असा प्रश्न साहजिक आहे. उत्तर असे की, हाच चकवा आपल्या घरातही आहे. 'पाव' म्हणजे चतुर्थांश हा संस्कृत 'पाद'पासून आणि खाण्याचा 'पाव' पोर्तुगीजांपासून. 'गप' बसणे आणि 'गप्पा' मारणे ही रूपे सारखी, पण एकाचा अर्थ मौन आणि दुसरीचा बडबड. सागराची 'लाट' आणि 'लाटसाहेबा'तील 'लाट' यांचा संबंध नाही; दुसरी 'लॉर्ड'ची मराठी मूर्ती आहे. 'छावा' आणि 'छावणी' यांचाही नाही. छावणी ही छप्पर घालण्याच्या, 'छावणे' या क्रियेपासून झाली. याउलट 'दाम' आणि 'दमडी' एकाच घरची.

वऱ्हाडात फारशी, हिंदुस्थानी, मराठी, तेलुगू आणि इंग्रजी या भाषांचे थर एकावर एक बसले आहेत. १८५३ पूर्वीचा निजामी अंमल, त्यानंतरची इंग्रजी व्यवस्था, १९०३ साली मध्यप्रांतास जोडणी, १९५६ साली द्विभाषिक मुंबई राज्यात समावेश आणि १९६० साली महाराष्ट्र अशी कारभाराची स्थित्यंतरे या प्रदेशाने पाहिली. जीन-प्रेस, कचेरी, पोलीसठाणे, आठवड्याचा बाजार येथील बोलीत या सर्वांचे अवशेष आहेत. चिखली व आसपासच्या तालुक्यांतील पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हे शब्द गोळा करावेत, ही अपेक्षा अवास्तव नाही. मात्र गोळा करताना शब्द कोणी, कोणत्या धंद्यात, कोणत्या वाक्यात वापरला हे लिहून घ्यावे, आणि त्याची व्युत्पत्ती शेवटी ठरवावी. आधी व्युत्पत्ती ठरवून मग पुरावा शोधणे म्हणजे चिखली नावाची सर्व गावे एकाच पाटलाच्या नावावर चढविणे होय.

भाषाभिमानास यात उणेपणा वाटण्याचे कारण नाही. इंग्रजीने आपल्याकडून किती शब्द घेतले याची यादी लांबविण्यापेक्षा, घेतलेल्या प्रत्येक शब्दाबरोबर कोणता प्रसंग गेला हे सांगता येणे अधिक मोलाचे आहे. 'लूट'बरोबर युद्धे गेली, 'देखो'बरोबर हुकूम गेला, 'विलायती'बरोबर घराची ओढ गेली, 'छाव्या'बरोबर एका भटक्या समाजाची अवहेलना गेली, आणि देवळालीच्या नावाबरोबर वाट पाहून थकलेल्या माणसांचा ताप गेला. शब्दांचे चेहरे सारखे असोत वा नसोत, त्यांची ही वंशावळ शाबूत ठेवणे हेच इतिहासाचे काम आहे.